धुतलेले पाप जाते कुठे?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता एकमेकांना भिडतात. वर उड्डाणपूल आहे, तरी खालची कोंडी सुटत नाही. येतात तेवढ्या गाड्या बाहेर पडत नाहीत, उरलेल्या साचतात. इथून आग्रा रोडने अमृतधामकडे गेले की के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय लागते. १९८४ साली सुरू झालेल्या या कॉलेजात केमिकलची मुले हेच गणित ‘मास बॅलन्स’ म्हणून घोटतात: आत आलेल्यातून बाहेर गेलेले वजा केले की साचलेले मिळते. वस्तुमान हिशेबातून गायब होत नाही. झालेच, तर उत्तर चुकलेले असते.

द्वारकेहून रामकुंडही लांब नाही. गोदावरीत बुडी मारली की पाप धुतले जाते, ही शेकडो वर्षांची श्रद्धा. मग धुतलेले पाप जाते कुठे?

प्रश्न कुणा नास्तिकाचा नाही. भागवताच्या नवव्या स्कंधात तो खुद्द गंगाच विचारते. लोक माझ्यात पाप धुतील, ते मी कुठे धुऊ? भगीरथ सांगतो, साधू तुझ्यात स्नान करतील आणि त्यांच्या अंतरातला हरी ते हरण करील. गौतमाच्या गोहत्येच्या पातकासाठी त्र्यंबकला उतरलेली गोदावरी म्हणजे हीच गंगा, तेव्हा उत्तर तिलाही लागू. सिंहस्थात साधुग्राम वसते ते तपोवनात, आणि महापालिकेचे मलजल शुद्धीकरण केंद्रही तपोवनातच आहे. साधुग्रामाची भिस्त भगीरथाच्या शब्दावर. केंद्रात मात्र पाणी निवळले तरी गाळ मागे राहतो, तो कुठेतरी न्यावाच लागतो. जे निवळत नाही ते नदीबरोबर खाली नांदूर मधमेश्वरकडे जाते. २०२० साली रामसर दर्जा मिळालेले राज्यातले पहिले पाणथळ क्षेत्र ते हेच.

आपल्या दर्शनकारांना हा हिशेब चांगलाच ठाऊक होता. केलेले कर्म फळ न देताच नाहीसे होणे म्हणजे कृतनाश, न केलेल्याचे फळ पदरात पडणे म्हणजे अकृताभ्यागम. एखाद्या मतावर हे दोष आले की ते मत वादात पडलेच. मास बॅलन्सची इतकी कडक अट घातल्यावर प्रायश्चित्ताला जागा उरते कुठे?

उत्तराचा माग शेजारच्या कॉम्प्युटर विभागात लागतो. हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली की सहसा फक्त तिची नोंद पुसली जाते आणि जागा ‘मोकळी’ ठरते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. याज्ञवल्क्यस्मृती जवळपास असेच बोलते. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्याला प्रायश्चित्ताने एवढेच मिळते की माणूस पुन्हा व्यवहार्य होतो, म्हणजे लोकांनी त्याच्याशी व्यवहार करायला हरकत उरत नाही. पाप जाते असे स्मृती इथे म्हणत नाही. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या वादाचा सविस्तर ऊहापोह केला आहे. अभियांत्रिकीच्या मुलांनी तो चाळायला हरकत नाही, परीक्षेत येणार नसला तरी.

एक फरक मात्र राहतो. जाणता की अजाणता, हे ना समीकरण विचारते ना डिस्क. ते विचारावे लागते माणसांना. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटले. किती टन, याचा अंदाज रसायन अभियंत्यांनी बांधला. पण घडले ते जाणून की नकळत, हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप निष्काळजीपणावर आणला आणि २०१० मध्ये आरोपींना दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यांना जामीनही लगेच मिळाला. याज्ञवल्क्याच्या भाषेत ते व्यवहार्य झाले.

कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला नेला गेला आणि त्याच वर्षी तिथे जाळला गेला. राख उरली. ती कुठे पुरायची, हा प्रश्न पुन्हा उच्च न्यायालयापुढे आला.