पाठीशी तलवार नसलेले

उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे 10 ते 12 जानेवारी 2020 या दिवसांत भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मोपदेशकास हा मान का द्यावा म्हणून जो गदारोळ उठला, साहित्य महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना जे धमक्यांचे दूरध्वनी आले, आणि उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही संमेलनास जाऊ नका असे जे बजावण्यात आले, त्याची आठवण आमच्या धाराशिव जिल्ह्यात अजून ताजी आहे. महानोर आले. फादरही आले, पाठीच्या दुखण्याने चाकांच्या खुर्चीतून आले, अध्यक्षीय भाषण करून गेले. महामंडळ डगमगले नाही, आणि आमच्या शहराने पाहुण्यास पाहुण्यासारखेच वागविले, याचे मला मनापासून समाधान वाटते.

मात्र या प्रसंगाला हौतात्म्य म्हणणे योग्य होणार नाही. असे शब्द आपण फार सैल हाताने वापरू लागलो आहोत, आणि ज्यांनी खरोखर प्राण दिले त्यांच्यावर तो अन्याय आहे. फादर दिब्रिटो ज्या वसईचे होते, त्याच वसईत 1556 च्या सुमारास पोर्तुगीज पिता आणि इथल्याच मातेच्या पोटी जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पंधरा-सोळाव्या वर्षी जेजुइट पाद्र्यांबरोबर हा मुलगा जपानला गेला, तिथली भाषा त्याने उत्तम आत्मसात केली, आठेक वर्षे धर्मशिक्षणाचे काम केले. परंतु जेजुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा पुरी झाली नाही. मग त्याने व्यापार केला, तो भरभराटीस आणला, आणि तो सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून राहिला. 1593 मध्ये फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी गेले, त्यात दुभाषा म्हणून गोन्सालो पुन्हा त्या देशात पोचला.

हिदेयोशीने 1587 मध्येच पाद्र्यांना हद्दपार करण्याचे फर्मान काढले होते, पण त्याची अंमलबजावणी सैल होती. 1596 मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले, त्यावरील माल जप्त झाला, आणि आधी धर्मोपदेशक पाठवायचे व मागून फौज पाठवायची हीच स्पेनच्या राजाची रीत आहे, असे त्या जहाजावरचा एक नाविक बोलून गेल्याचे सांगतात. संशयाला तेवढे निमित्त पुरले. कैद झालेल्यांचे नाक व दोन्ही कान कापावेत हा मूळ हुकूम. तो बजावणाऱ्या अंमलदाराच्या मनात काही दया असावी, त्याने केवळ डाव्या कानाचा तुकडा छाटून भागविले. मग गाड्यांत घालून क्योटोच्या रस्त्यांतून धिंड, आणि ऐन हिवाळ्यात महिनाभर नागासाकीपर्यंत सुमारे 800 किलोमीटरांची वाटचाल. निघताना चोवीस जण होते. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी धरले, आणि संख्या सव्वीस झाली.

त्या सव्वीसांत तोमास कोझाकी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा आपल्या बापाबरोबर होता. वाटेतल्या मुक्कामात त्याने आईला पत्र लिहिले, त्यात धाकट्या दोघा भावांना सांभाळण्याविषयी कळविले. ते पत्र पुढे बापाच्या प्रेतावर, रक्ताने माखलेले, सापडले. बारा वर्षांच्या लुईस इबाराकीला अंमलदाराने धर्म सोडल्यास जीवदान देऊ केले होते. त्याने ते घेतले नाही. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर या सर्वांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. पॉल मिकी या जपानी जेजुइटाने क्रुसावरूनच जमलेल्या लोकांना उपदेश केला, आणि हिदेयोशीला व आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा केली. गोन्सालोला 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत होय. वसईजवळच्या गास गावचे चर्च त्याच्या नावाने उभे आहे.

आमच्या जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. ते संमेलन भरले त्या नगरीलाही त्यांचेच नाव दिले होते. संतमंडळीत कोण पक्के मडके आणि कोण कच्चे हे पाहण्यासाठी काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारले. इतरांनी ते मुकाट्याने सोसले, नामदेव मात्र रागावले. मार सर्वांनाच लागला होता. परीक्षा होती ती मारानंतर मनात काय उरते याची. पॉल मिकीच्या मनात काय उरले होते, ते त्याच्या शेवटच्या शब्दांवरून दिसले.

पण ही कथा एवढ्यावर थांबविली तर मी वाचकांची फसवणूक करीन. ज्या शतकात गोन्सालो मेला, त्याच शतकात गोव्याच्या साष्टी मुलखात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, आणि 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी रोडोल्फो आक्वाविवा यांच्यासह पाच जेजुइटांना ठार केले. त्यांची प्रेते मिळवून आणण्याचे काम ज्या फादर थॉमस स्टीफन्सनी केले, त्यांनीच पुढे 1616 मध्ये मराठीत क्रिस्तपुराण छापले. त्या पाच जणांना चर्चने पुढे धन्य घोषित केले. कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना मात्र असोळणेच्या किल्ल्यात बोलाचालीच्या मिषाने बोलावून मारून टाकण्यात आले, आणि त्यांना हुतात्मे म्हणावयास पुढे शतके जावी लागली. निःशस्त्र मेलेल्या पाद्र्यांची वैयक्तिक निष्ठा मी नाकारीत नाही. पण त्यांच्या मागे राजाचे गलबत आणि किल्ल्याचा तोफखाना उभा होता, हे त्या गावकऱ्यांना दिसत होते. नागासाकीच्या त्या सव्वीसांमागे, हिदेयोशीचा संशय काहीही असो, त्या टेकडीवर कोणीच नव्हते. माझ्या मते साक्ष कोणाची मानावी याचा निकष इथे सापडतो. ज्याच्या श्रद्धेमागे तलवार उभी आहे त्याचा मृत्यू दुःखद असतो. ज्याच्यामागे काहीच नाही, त्याचाच मृत्यू त्याच्या श्रद्धेविषयी काही सिद्ध करतो. म्हणूनच, जिथे आपला समाज बहुसंख्य आहे तिथे ‘आमचाच छळ होत आहे’ असे बोलण्याआधी प्रत्येकाने आपल्या पाठीशी कोण उभे आहे ते मागे वळून पाहावे.

आणि छळ म्हणजे भालाच असतो असेही नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राखला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित बाहेर राहिला. तहसील कचेरीत दाखल्याचा अर्ज भरताना धर्माच्या रकान्यात त्याने खरे लिहिले, तर त्याच्या मुलाची त्या प्रवर्गातील शिष्यवृत्ती व राखीव जागा जातात आणि अत्याचारविरोधी कायद्याचे संरक्षणही जाते. ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग सवलत कशासाठी, हा युक्तिवाद तर्काला पटण्यासारखा आहे. परंतु बाप्तिस्म्याने गावकुसाबाहेरच्या घराचा पत्ता बदलत नाही, आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांतली जातही पुसली जात नाही. या विषयावरील याचिका 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहेत, आणि 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने आयोगही नेमला. मराठवाड्यातल्या एखाद्या वस्तीतला बाप रविवारी प्रार्थनेला जातो आणि सोमवारी कचेरीतल्या त्या रकान्यात दुसराच धर्म लिहितो, तेव्हा त्याला दांभिक म्हणण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही. आणि तो जर त्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ असेच लिहून मुलाची शिष्यवृत्ती सोडून देत असेल, तर त्याने काय दिले याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.