गाडीला खोली, माणसाला रांग

‘सार्वजनिक’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. सार्वजनिक नळ, सार्वजनिक संडास, सार्वजनिक गणपती. पण याच शब्दापायी आपल्या आज्या-पणज्यांची डोकी फुटलीयत. तेव्हा तो जरा तपासून घेऊ.

4 ऑगस्ट 1923. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशानं जे बांधलं, चालवलं – पाणवठे, विहिरी, धर्मशाळा – आणि सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने, ते सगळं अस्पृश्यांना खुलं. 1924 ला महाड नगरपालिकेनं तो ठराव मान्य केला. तळं कागदावर खुलं झालं, पण आपल्या कुणाचा हात पाण्याला लागला नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चालत गेले, ओंजळ भरली, आणि नंतर काय मार पडला तो तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे बंदी उठणं एक, पोचता येणं दुसरं. हा फरक मनात धरा आणि आजच्या मुंबईत या.

महापालिकेनं आपल्या तिजोरीतून कोस्टल रोड बांधला. मार्च 2024 मध्ये त्याचा पहिला भाग सुरू झाला. टोल नाही. पण दुचाकी, रिक्षा, सायकल, पायी माणूस यांना बंदी. समुद्राकाठी प्रोमेनाड दिलाय – फिरायला, कामाला जायला नव्हे. अटल सेतू जानेवारी 2024 ला खुला झाला. मोटारीला एका खेपेचे 250 रुपये. मोटरसायकलवाल्याला, रिक्षावाल्याला पैसे देऊनही प्रवेश नाही. सांगतात, वेगाचा रस्ता आहे, माणसं मरतील. खरं आहे. चवदार तळ्यावर लाठ्या पडल्या, इथं नुसती पाटी आहे. दोन्ही एका मापानं मोजली तर आपल्याच लढ्याचा अपमान होईल. इथं जात कुणी विचारत नाही. तरी बोल्यांच्या ठरावातला प्रश्न उरतोच : पैसा सगळ्यांचा, तर वाट कुणाची? वेगाचा रस्ता आधी ठरला आणि त्यावर न बसणारी माणसं मागाहून ठरली. हा क्रम आकाशातून पडला नाही. कुणीतरी टेबलापाशी बसून लावलाय.

आणि बेस्टचं काय झालं? 9 मे 2025 पासून साध्या बसचं किमान भाडं 5 चं 10 केलं, एसीचं 6 चं 12. कारण बेस्ट तोट्यात. कोस्टल रोड तोट्यात आहे असं कधी ऐकलंय का? रस्त्यावर घातला तो विकास, बसवर घातला तो तोटा. भाषाच अशी लावून ठेवलीय की भांडायला गेलं तरी त्यांच्याच शब्दात भांडावं लागतं.

2010 च्या सुमाराला बेस्टकडे चार हजारांवर गाड्या होत्या. 2025 मध्ये तीन हजारांच्या आत, त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या. आपल्याकडे या आकड्याकडे कुणी नीट बघत नाही. बेस्टच्या भरतीत राखीव जागा होत्या. त्या खाकी कपड्यांवर आपल्या कित्येक घरांतली पोरं शिकली. कंत्राटदाराला आरक्षण लागू नाही. घटनेतला एक शब्द न बदलता राखीव जागा गेल्या. मोर्चा न्यायचा कुणावर?

आता टॉवर. इथं सावध असा, कारण चाळीच्या आठवणीनं गहिवरणारे पुष्कळ भेटतात – बहुधा चाळ सोडून तीस वर्षं झालेले. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, संडास बाहेर, सामायिक. वरळीच्या याच चाळींत 1974 च्या जानेवारीत पँथरच्या सभेवर दगड पडले, दंगल पेटली. तिथल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये टॉवरातल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मिळायलाच हव्या होत्या. गरिबीत संस्कृती असते म्हणणाऱ्याला आधी त्या संडासाच्या रांगेत उभं करा.

पण बांधकामाचा नियम बघा. मोठ्या मोटारीच्या पार्किंगला जागा अडीच मीटर बाय साडेपाच मीटर. करा गुणाकार. 148 चौरस फूट! ज्या खोलीत गिरणी कामगाराच्या पिढ्या वाढल्या, जवळपास तेवढी जागा एका उभ्या गाडीला नियमानं राखीव. हे आरक्षण कुणाला खुपत नाही. मेरिटवाले इथं गप्प.

4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेब खेड्याबद्दल जे कडक बोलले ते उगाच नाही. आपण शहरात आलो ते महारवाडा सोडून. शहरानं दिलं काय? नोकरी दिली म्हणा, पण त्याहून मोठं म्हणजे गर्दी दिली. लोकलच्या डब्यात, बसच्या दांडीला कुणाचा खांदा कुणाला लागला हे विचारायला सवड नसते. सोवळं तिथं घामानं मेलं. शास्त्री-पंडितांनी नाही मोडलं, गर्दीनं मोडलं. आता नवं जगणं बघा : फ्लॅटमधून लिफ्टनं पोडियमवर, पोडियमवरून गाडीनं पुलावर, पुलावरून दुसऱ्या टॉवरच्या पोडियमवर. दिवसभरात एकाही परक्याला शिवायचं नाही. मनुस्मृती न उघडता सोवळं पाळून होतं. कित्येक इमारतींत घरकामाच्या बाईला लिफ्टही वेगळी. म्हणून बसचा प्रश्न मी नीतीचा प्रश्न मानतो.

“मग आपल्या पोरांनी गाडी घ्यायचीच नाही का?” असं एक जण फणकाऱ्यानं विचारतो. घ्यावी की, निळा झेंडा लावून घ्यावी. विहीर खुली झाल्यावर एखाद्यानं घरात नळ घेतला तर त्याला कुणी दोष दिला नाही. विहीर बुजवायच्या ठरावाला मात्र त्यानं हात वर करू नये.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग – सगळीकडे पुनर्विकासाच्या कमिट्या आहेत, त्यांवर आपली माणसं आहेत. मीटिंगा होतात त्या पार्किंगवर आणि कुणाला कितवा मजला यावर. गेटासमोर बसथांबा कुठं, शेवटची बस किती वाजता, जवळच्या डेपोच्या जमिनीचं काय होणार, हे अजून कुठल्या अजेंड्यावर मी पाहिलेलं नाही. पुढच्या मीटिंगला कोण मांडतंय ते कळवा.