आजीचा नकार

घरातली म्हातारी गेली की वर्तमानपत्रात चार ओळी येतात. प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीच्या. पश्चात मुलं, सुना, नातवंडं. तेरवीला तिच्या हातच्या पाटोडीची आठवण निघते, कोणाचा तरी घास घशात अडकतो. ते सगळं खरंच असतं. पण तिनं दिलं तेवढंच आपण मोजतो. तिनं काय ठरवलं, कशाला नाही म्हटलं, हे कोणी विचारत नाही, आणि मला वाटतं, तिथंच तिला अर्धी हरवतो.

नागपूरच्या एका आजीच्या बाबतीत असं झालं नाही, कारण तिची नात लिहिती झाली. कौसल्या बैसंत्री यांचा जन्म १९२६चा. ‘दोहरा अभिशाप’ हे त्यांचं आत्मकथन १९९९ मध्ये हिंदीत आलं. त्यातली आजी बालविधवा. पुढं तिचा पाट लागला तो आधीची बायको असलेल्या सावकाराशी. घरात पैसा होता, आणि मारही होता. एक दिवस पोरांना घेऊन ती निघाली, पायीच नागपूरला आली आणि मजुरी करून जगली. कोर्टकचेरी, पोटगी असलं काही तेव्हा गरीब दलित बाईच्या आवाक्यातलं नव्हतं. होते ते चालणारे पाय आणि राबणारे हात.

अशी गोष्ट घरात सहसा दडवतात. ‘आजी नवरा सोडून आली’ हे लग्नाच्या बोलणीत अडचणीचं ठरतं, म्हणून दोन पिढ्यांत ते पुसलंही जातं. तिच्या हातची चव तेवढी उरते.

या आजीची लेक आणि जावई एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली तीच गिरणी. या लेकीनं आपल्या मुलींना शिकवलं. त्यासाठी तिला पटवणाऱ्या जाईबाई चौधरी. त्यांनी १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली होती. १९४२च्या जुलैत बाबासाहेबांच्या उपस्थितीत नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, तेव्हा तरुण कौसल्या तिथं होती.

पुढं संसार असह्य झाला, तेव्हा कौसल्याताईही नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. त्यांनी ते लपवलं नाही. आजीचं निघून येणं आणि स्वतःचं वेगळं होणं, दोन्ही त्यांनी एकाच पुस्तकात लिहिलं.