झिजलेल्या मणक्याचा पुरावा कोणी द्यायचा?

मुरलीकांत पेटकर हे नाव आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला, एक गोळी मणक्यातच अडकून राहिली, आणि तरी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यानं देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, ते सोडा. पण हा मणका कशानं गेला, असा प्रश्न त्यांना विचारायचं कोणाला कारण पडलं नसेल. गोळी होती, युद्ध होतं, तारीख होती.

असा एका क्षणात कणा जाणारे जवान थोडे. बहुतेकांचा झिजतो. आणि झिजलेल्या मणक्याला ना तारीख असते ना साक्षीदार.

काश्मीरमध्ये गस्तीवरच्या जवानाच्या डोक्याला ‘पटका’ बांधलेला तुम्ही फोटोत पाहिला असेल. लांबून फेट्यासारखा दिसतो. जवळून पाहिला तर कापडात शिवलेलं पोलाद असतं, कपाळावर आणि डोक्यामागं, गोळी अडवण्यासाठी. वजन अडीच किलोच्या आसपास. त्याखाली आठ-दहा किलोचं बुलेटप्रूफ जाकीट, मग रायफल, मॅगझिनं, पाणी, कधी वायरलेस सेट. हे अंगावर घेऊन तासन् तास चढ-उतार करायचा, आणि मान ताठ ठेवायची. मॉर्टरची बेस प्लेट पाठीवर घेऊन डोंगर चढणारा वेगळा. लेहच्या रस्त्यावर स्टॅलियन ट्रक हाकणारा ड्रायव्हर वेगळा. त्याच्या कमरेनं रस्त्यातला प्रत्येक खड्डा मोजलेला असतो. पंधरा-सतरा वर्षांत कधीतरी हाताला मुंग्या येऊ लागतात, पायात कळ उतरते. गावाकडच्या भाषेत मणक्यात गॅप पडला, चकती सरकली, नस दबली.

मग काय होतं? बहुतेक वेळा काहीच होत नाही. जवान गप्प बसतो. एम.आय. रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जाऊन दुखण्याची गोळी घेतो आणि परत येतो. कारण ‘कॅटेगरी’ लागली, म्हणजे तब्येतीचा शेरा खाली आला, की बढती अडते, हे पलटणीत आल्याच्या पहिल्या वर्षीच कळतं. नाईकाला हवालदार व्हायचं असतं, हवालदाराला नायब सुभेदार. मान दुखते म्हणून सांगणारा कामचुकार ठरतो, ही भीती वेगळीच. आपणच या माणसाला मर्दानगीचे धडे देतो, दुखणं लपवायला शिकवतो, आणि सेवा संपताना त्याला म्हणतो, बाबा रे, तुझ्या कागदात तर दुखण्याची नोंदच नाही.

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड बसतं. तिथल्या फॉर्मवर दोन प्रश्न कळीचे असतात. हा आजार लष्करी सेवेमुळे झाला का? नसेल, तर सेवेमुळे वाढला का? दोन्हीकडं ‘नाही’ आलं की अपंगत्व पेन्शन नाही. मानेच्या आणि कमरेच्या आजाराला दोन्हीकडं ‘नाही’ लिहून पुढं कारण दिलेलं सापडतं: शरीरप्रकृती, वयोमानानुसार झीज. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला हा माणूस चाळिशीही न ओलांडता घरी चाललेला असतो. भरतीच्या वेळी त्याला पळवून, वाकवून, छाती-पाय मोजून, डॉक्टरांनी ठणठणीत म्हणून घेतलेला असतो. मग मधल्या काळात कोणतं वय त्याच्या मणक्यावर येऊन बसलं?

सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात नेमकं हेच सांगितलं. अपंगत्व पेन्शनच्या १९८२ च्या नियमांचा अर्थ लावताना न्यायालय म्हणालं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असंच धरायचं. पुरावा देण्याचा भार त्याच्यावर नाही. आणि बोर्डाला वेगळं म्हणायचं असेल तर कारणं लिहावी लागतील. तो खटला फेफऱ्याचा होता, पण तत्त्व मानेलाही तेच लागू पडतं. २०२३ च्या सप्टेंबरपासून निवृत्त होणाऱ्यांसाठी नवे नियम आले, लाभांची नावंही बदलली. ज्याला धडधाकट घेतलं त्याला मोडका परत करताना हिशेब कोणी द्यायचा, हा नीतीचा प्रश्न मात्र नियमावली बदलल्यानं बदलत नाही.

आमच्याकडं बेंदराच्या किंवा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या मानेला हळद-लोणी लावून शेकतात. हे घट्टे जुवामुळेच पडले याचा दाखला आण, असं कोणी बैलाला म्हणत नाही.

आणि या पेन्शनची रक्कम तरी केवढी असते? शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के, असा हा हिशेब चालत आला. धरा, एखाद्या हवालदाराचं हिशेबात धरायचं वेतन चाळीस हजार आहे आणि बोर्डानं अपंगत्व वीस टक्के ठरवलं. महिन्याला २४०० रुपये झाले. वीसचे पन्नास धरायची सवलत मिळाली तर ६०००. ही सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही द्या, असं २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, कारण सरकार त्याविरुद्ध अपिलात गेलं होतं. या दोन ते सहा हजारांसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय, मग दिल्ली. २०१५ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं या अपिलबाजीवर कडक बोट ठेवलं होतं. तरीही २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला अशा जवळजवळ तीनशे सरकारी याचिका एका दमात फेटाळाव्या लागल्या. समिती नेमायची, अहवाल घ्यायचा आणि वकिलांना पुन्हा तीच फाइल द्यायची, याला प्रशासन म्हणत नाहीत.

आता उलट बाजूचं ऐकू. या पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो, असा आरोप होतो, आणि तो अगदी हवेतला नाही. लेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, २०२३ च्या अहवालात अपंगत्वाचा लाभ घेऊन निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांच्या दुपटीहून जास्त दिसलं. काही अधिकाऱ्यांचा आजार खराच असेल, यात मला शंका नाही. पण पाठीवर ओझं कोण जास्त वाहतं? माझ्या मते या आकड्यांतून दिसतं ते असं की, ज्याला नियम कळतात, इंग्रजी फॉर्म वाचता येतो, डॉक्टरशी बरोबरीनं बोलता येतं, त्याच्या दुखण्याची नोंद होते. खोटे दावे जरूर पकडा. त्यासाठी एमआरआय आहे, नेमणुकीच्या जागांची नोंद आहे, कामाचं स्वरूप कागदावर आहे. सरसकट संशय घेतला की त्यात चलाख सुटतो आणि भिडस्त मारला जातो.

आणि सगळं खापर दिल्लीवर फोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही. साताऱ्यात, कोल्हापुरात, सांगलीत गावोगाव फौजी घरं आहेत. शहीद जवानाला आपण गाव बंद ठेवून निरोप देतो. फ्लेक्स लागतात, पुढारी येतात. त्याच गावात मान पट्ट्यात अडकवून बसलेल्या माजी हवालदाराला अपिलाचा अर्ज लिहून द्यायला पदवीधर पोरांपैकी कोणी पुढं येत नाही. उलट ‘पेन्शन मिळतेय की, अजून काय पाहिजे’ हे ऐकून तो गप्प होतो. पंधरा ऑगस्टला त्याला खुर्ची देता, तर सोळा ऑगस्टला त्याचा कागद वाचा.

सेवेत असलेल्यांना एवढंच सांगायचं आहे: दुखणं लपवू नका. पडलात, गाडी उलटली, ओझं उचलताना कमरेत चमक भरली, तर इन्जुरी रिपोर्ट त्याच वेळी करून घ्या. बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागून घ्या. नाकारलं असेल तर कारण काय लिहिलंय ते पाहा आणि मुदतीत अपील करा. जे कधीच घरी आलेत त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. फार वर्षं झाली म्हणून हक्क बुडत नाही. पण तरसेम सिंग यांच्या अपंगत्व पेन्शनच्या खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थकबाकी दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच धरली. त्यामागची वर्षं हातची जाऊ शकतात. तेव्हा फाइल माळ्यावर असेल तर ती या आठवड्यातच खाली काढा.