पाण्याला काय ठावं

आमच्या गोरेगावकडची पोरं पोहायला विहिरीतच शिकायची. पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधायचं आणि आजोबानं वरून ढकलून द्यायचं. आठ दिवसांनी भोपळा सुटायचा अन् पोरगं आपसूक तरंगायचं. मीही तसाच शिकलो. पुढं विहिरीच्या काठावरून सूर मारू लागलो, तळाची माती मुठीत घेऊन वर येऊ लागलो. गावानं ‘पट्टीचा पोहणारा’ म्हटलं आणि मीही ते खरं मानलं.

एका श्रावणात बहीण राखीला माहेरी आली. संगं दोन पोरं, आणि पोरांचे दोन दोस्त. सगळे शहरातले, पोहणं तरणतलावापुरतं. उन्हाळ्यात मीच त्यांना शब्द दिला होता, “पावसाळ्यात या, कयाधूतून तराफ्यानं नेतो.” सेनगावच्या खालच्या अंगाला पाण्यात उतरायचं आणि नर्सीला नामदेवांच्या गावी काठाला लागायचं, असा बेत. ट्रॅक्टरच्या ट्यूबा फुगवल्या, वर बांबू आवळले, दोर आणला. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

आदल्या दोन रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला. काठावर पोचलो तर नदी गढूळ, भरून चाललेली. आमची ही नदी काही बारमाही गंगा नव्हे. काळ्या रानातलं पाणी भराभर येतं अन् तसंच भराभर ओसरतं. पण येतं तेव्हा काडीकचरा, पऱ्हाट्या, मोडलेल्या बाभळी घेऊन येतं.

मी पोरांना विचारलं, “काय म्हणता, जायचं का?” चौघंही “हो” म्हणाले. सगळ्यात धाकटा भाचा जरा मागून म्हणाला. मी दिलेला दोर त्यानं कमरेला दोन वेढे घालून बांधला होता. हसत म्हणाला, “तू असल्यावर कशाची भीती मामा?”

तेवढ्यात जाळं घेऊन एक म्हातारे भोई आले. त्यांनी आधी पोराची कमर पाहिली.

“दोर कोण बांधला?”

“मी सांगितलं,” मी म्हणालो.

“सोड आधी. धारेत दोर ताणला की माणूस वर येत न्हाई, खाली दबतो. आन् बंधाऱ्याला काय करणार हाईस?”

खरंच, वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचा मी विचारच केला नव्हता. पावसाळ्यात दारं काढलेली असली तरी खांब उभेच असतात. फरशीवरून पडलेलं पाणी खाली उलटं फिरतं आणि आत ओढलेल्याला सोडत नाही.

“मला पव्हता येतं काका,” मी उगंच म्हणालो.

“तुला येतं रे. पाण्याला ठावं हाय का ते?”

आम्ही परत फिरलो. पोरं रुसली. त्या रात्री मला झोप लागली नाही. राखीचा धागा मनगटात होता, आणि ते पोराचं “हो” कानात.

त्या “हो”ची किंमत काय? ज्याला धोका ठाऊक आहे त्यानं दिलेला होकार हा होकार. पण त्या पोरानं नदी पाहिलीच नव्हती. त्यानं मला पाहिलं होतं. नदीच्या जागी त्यानं मामाचा अंदाज घेतला, आणि मामा विहिरीतला. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, गुडघाभर धारही उभ्या माणसाला पाडते. हे मला ठाऊक नव्हतं आणि ते ठाऊक नाही, हेही ठाऊक नव्हतं. चौघं नवशिके नव्हते, आम्ही पाच होतो. पण पाचव्याच्या हातात चौघांचा जीव होता.

यावर कुणी म्हणेल, मग पोरांना पाण्याजवळ नेऊच नये. तेही मला पटत नाही. भीतीनं काठावर ठेवलेलं पोरगं एक दिवस एकटंच उतरतं. आजोबानं मला ढकललं होतंच की! पण ढकलायच्या आधी भोपळ्याची गाठ दोनदा ओढून पाहिली होती, आणि विहिरीचा तळ त्यांना हाताच्या रेषेसारखा ठाऊक होता. धाडस पोराचं असतं, त्याचा हिशेब थोरानं आधी करून ठेवायचा असतो. जे पाणी आपण स्वतः पाहिलं नाही, त्यात दुसऱ्याचा विश्वास घेऊन उतरू नये, एवढंच मला त्यातून उमगलं.

दिवाळीच्या सुट्टीत पोरं परत आली. सोयाबीन निघालं होतं. या वेळी मी आधी सगळा काठ पायी फिरलो, बंधाऱ्याच्या अलीकडं कुठं बाहेर पडायचं त्या जागा ठरवल्या. भोईकाकांनाही संगं घेतलं. पाणी कुठं कमरेएवढं, कुठं घोट्याएवढं. निम्मा रस्ता तराफाच आम्ही ओढला. पोरं हसून हसून बेजार.

एका बाभळीखाली धाकटा थांबला. त्याच्या डोक्याच्या वर, हात पुरणार नाही अशा फांदीत, वाळलेलं गवत आणि पऱ्हाट्या अडकल्या होत्या.

“मामा, हे इतक्या वर कुणी टाकलं?”

“कुणी नाही. त्या दिवशी पाणी तिथं होतं.”

तो बराच वेळ वर बघत राहिला. मग काही न बोलता त्यानं माझा हात धरला.