पुस्तकाला जामीन कोण?

‘तुम्ही जरा जामीन राहाल का?’ असं कोणी विचारलं, की मराठी मध्यमवर्गीय माणसाला ताबडतोब आठवतं, आपल्याला भाजी आणायची आहे. समोर सख्खा साडू असला तरी आपण घड्याळाकडे बघतो, ‘हिला विचारून सांगतो’ म्हणतो. आणि एरवी जिला आपण काहीच विचारत नाही ती बायको त्या एका दिवसापुरती कुटुंबप्रमुख होते. पण तोच साडू जेव्हा म्हणतो, ‘एखादं चांगलं पुस्तक सांगा हो वाचायला,’ तेव्हा आपण चहाचा कप खाली ठेवतो, खुर्चीत सावरून बसतो आणि एका दमात सात नावं सांगतो. माझ्या मते हे बरोबर उलटं व्हायला हवं. कर्जाला जामीन राहिलात तर फार तर पगारातून हप्ता कापला जाईल. पुस्तकाला जामीन राहणं हे त्याहून जोखमीचं काम आहे.

मी बी. कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षं एका बँकेत काउंटरमागे बसतो. त्यामुळे साहित्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच मान्य. पण जामीन या विषयावर मी अधिकारवाणीनं बोलू शकतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात १२८ वं कलम आहे. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, असं ते सांगतं. म्हणजे त्यानं कर्ज काढून म्हैस घेतली आणि म्हैस आटली, तर म्हैस त्याची आणि आटल्याचं दुःख दोघांचं. हे कलम मी आजवर जितक्या हमीदारांना समजावून सांगितलं, त्यातल्या प्रत्येकानं सही झाल्यावरच लक्ष देऊन ऐकलं.

आता हेच कलम पुस्तकाला लावून बघा. मी तुम्हाला एक पुस्तक सांगितलं. तुम्ही त्यापायी तीन रात्री जागलात. ते वाचून तुम्हाला कंटाळा आला, रडू आलं, किंवा नोकरी सोडावीशी वाटली. यातल्या किती नुकसानीला मी जबाबदार? कंटाळ्याचं समजू शकतो, चहा पाजून मिटवता येईल. पण उरलेल्या दोहोंचं काय?

बहुतेक लोक या प्रश्नातून मोठ्या खुबीनं सुटतात. चेकच्या पाठीवर सही करून तो दुसऱ्याला देतात, त्याला आमच्यात पृष्ठांकन म्हणतात. सही करणारा त्या चेकला बांधला जातो. पण कायदा दयाळू आहे. सहीबरोबर ‘माझ्यावर जबाबदारी नाही’ असंही लिहिता येतं. पुस्तकांच्या निम्म्या शिफारशी या जातीच्या असतात. ‘मी वाचलेलं नाही, पण फार चांगलं आहे म्हणतात!’ आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी या पद्धतीनं अर्ध्या सोसायटीला एक सातशे पानी कादंबरी घ्यायला लावली. त्यांच्या स्वतःच्या प्रतीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

जपानी लोकांनी या कामाची वेगळी व्यवस्था लावली आहे. आता मी तुम्हाला जरा जपानला नेणार आहे. घाबरू नका, माझ्या एल. एफ. सी. वर नव्हे. तिकडे चित्रकथांना मांगा म्हणतात. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं. आपल्या सवयीनं ते उघडलं, तर कित्येक इंग्रजी आवृत्त्यांत पहिल्याच पानावर, म्हणजे त्यांच्या शेवटच्या पानावर, सूचना भेटते, की महाशय, आपण उलट्या बाजूनं आलात. काउंटर चुकलेल्या गिऱ्हाइकाला इतक्या अदबीनं परत पाठवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

या मांगा आधी साप्ताहिकांत क्रमशः येतात. ‘शोनेन जंप’ नावाचं मुलांचं साप्ताहिक १९६८ साली निघालं आणि १९९४ च्या अखेरीस त्याचा खप पासष्ट लाख तीस हजारांवर गेला. अंकाबरोबर एक पोस्टकार्ड असायचं. आवडलेल्या तीन कथा लिहून ते वाचकानं धाडायचं. कार्डं मोजून कोणती कथा चालू ठेवायची आणि कोणती गुंडाळायची ते ठरायचं. म्हणजे शिफारस लाखोंची, आणि जबाबदारी एकाचीही नाही. वाणिज्य शाखेच्या दृष्टीनं योजना निर्दोष आहे. पण लाखभर पोस्टकार्डं मिळूनसुद्धा तुम्हाला हे सांगू शकत नाहीत, की ही कथा तुम्ही, आजच, का वाचावी. ते सांगायला एक माणूस लागतो.

मला तो माणूस घरातच मिळाला. आमचा भाचा. ताईचा हा धाकटा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून वर्षभर घरी बसला, आणि मग ‘हवापालट’ या नावाखाली आमच्याकडे आला. हवा पालटली, मुलगा नाही. ताई रोज रात्री फोन करी, ‘काय म्हणतोय रे?’ मी खरं तेच सांगे, ‘हं म्हणतोय.’

मी त्याला उपदेश केला नाही. उपदेशाची त्याची मर्यादा घरीच संपली होती. मी फक्त माझी ‘बनगरवाडी’ त्याच्या उशाशी ठेवली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. तिथं ना शाळा, ना ओळख. पुढे त्याच वाडीत तो तालीम उभी करतो. आणि दुष्काळ पडून वाडी उठते, तेव्हा ती त्याचीही वाडी झालेली असते. पहिल्या पोस्टिंगला परक्या गावी गेलो, तेव्हा हे पुस्तक माझ्या ट्रंकेत होतं आणि त्यानं मला दोन वर्षं राजीनामा देऊ दिला नाही.

पुस्तक ठेवलं आणि मी गप्प बसलो. ‘वाचलंस का?’ असं एकदाही विचारलं नाही. बँकेत वसुलीला जाणाऱ्या माणसाचं स्वागत कसं होतं, हे मला ठाऊक आहे. दारात कुत्रं असतं आणि घरात कोणी नसतं.

पंधरा दिवसांनी ‘बनगरवाडी’ माझ्या टेबलावर परत आली. तिच्यावर आणखी एक पुस्तक होतं. ‘मामा, हे वाचा,’ भाचा म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य.

ते पुस्तक होतं ‘स्लॅम डंक’, इनोउए ताकेहिको याची मांगा. १९९० ते १९९६ या काळात ती त्या पोस्टकार्डवाल्या साप्ताहिकात चालली. खंड एकतीस. नायक लाल केसांचा, मारामाऱ्या करणारा. त्याला पन्नासावी मुलगी नकार देते, तिथून गोष्ट सुरू होते. आमच्याकडे दुसरा अर्ज नामंजूर झाला की माणूस शाखा बदलतो. हा गडी एक्कावन्नाव्या मुलीवर छाप पाडायला बास्केटबॉलच्या संघात शिरतो. आठ दिवस मी मजेत वाचत होतो. आमची ही रोज म्हणायची, ‘या वयात चित्रं बघत बसता!’ आणि मी पान उलटल्यावर मागून वाकून तीच बघायची.

मग एका रात्री मित्सुई आला. शाळेत असताना हा मोठा नावाजलेला खेळाडू. गुडघा दुखावतो, खेळ सुटतो, आणि खेळ सुटलेला पोरगा गुंडांत जातो. एक दिवस तो टोळी घेऊन आपल्या जुन्या संघाची मोडतोड करायलाच व्यायामशाळेत घुसतो. भरपूर हाणामारी होते. शेवटी म्हातारे प्रशिक्षक दारात येऊन उभे राहतात, आणि त्यांना बघून हा धटिंगण कोसळतो, रडतो आणि म्हणतो, की मला खेळायचंय.

रात्रीचा पाऊण वाजला होता. शेजारच्या खोलीत दिवा चालू होता. वर्षभर जे आईला, वडिलांना, कॉलेजच्या समुपदेशकाला आणि मला सांगता आलं नव्हतं, ते त्या मुलानं एका जपान्याकडून लिहून आणि काढून घेऊन माझ्या टेबलावर ठेवलं होतं.

सकाळी मी दाढी करता करता एवढंच म्हणालो, ‘मित्सुई आवडला मला.’

‘मलाही,’ तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, ‘मामा, सुटलेलं वर्ष परत धरता येतं का हो?’

पुढचं सगळं म्हणजे फॉर्म, फी आणि ताईचे अश्रू. त्यात वाङ्मयीन असं काही नाही. पण तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. कोणी आपलं लाडकं पुस्तक तुमच्या हातात ठेवलं, तर तो पुस्तकाविषयी थोडं आणि स्वतःविषयी पुष्कळ सांगत असतो. म्हणून ते वाचणं हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. दारावर आलेल्या माणसाला आत घ्यायचं की नाही, असा तो प्रश्न असतो.

या व्यवहारानंतर भाच्याचं माझ्याकडे खातंच उघडलं. पुढचा भरणा ओसामू तेझुकाच्या ‘बुद्ध’ या मांगेचा. १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं हा माणूस आपल्या कपिलवस्तूची गोष्ट काढत होता. सुरुवातीलाच बर्फात पडलेला एक साधू आहे. अस्वल त्याच्यासाठी मासे आणतं, कोल्हा फळं आणतो. सशाला काहीच मिळत नाही, तेव्हा तो स्वतःच विस्तवात उडी घेतो. ते पान बघून आमची आई म्हणाली, ‘हा ससा माझ्या ओळखीचा आहे.’ असणारच! जातकातला ससा तो. इथून जपानला गेला आणि इंग्रजी बोलत आमच्या दिवाणखान्यात परत आला. मला वाटतं, पुस्तक सांगणारेही या तीन जातींचेच असतात. कोणी मासे देतो, कोणी फळं देतो. ज्याच्याकडे देण्यासारखं दुसरं काही नसतं, तो आपलं लाडकं पुस्तक देतो. अशा वेळी विस्तवाला चटकन ‘मला नाही बुवा आवडलं’ असं म्हणता येत नाही.

पण कलम १२८ ची खरी परीक्षा पुढेच होती. भाच्याच्या पिशवीत ‘बेअरफूट गेन’ होतं. ते आमच्या सहावीतल्या कन्येच्या हाती लागलं. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा केजी नाकाझावा सहा वर्षांचा होता. शाळेच्या भिंतीआड होता म्हणून वाचला. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. मोठेपणी, १९७३ पासून, त्यानं ती हकिगत गेन नावाच्या मुलाची म्हणून काढली. आणि काढली ती मुलांच्याच साप्ताहिकात. चित्रं बघवत नाहीत. मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळानं २०१२ च्या अखेरीस शाळांना सांगितलं, की हे पुस्तक उघड्या कपाटात ठेवू नका. त्यावर गदारोळ झाला आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते बंधन उठलं. पुढे २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळानं ते आपल्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून काढलं.

जपानात जे मंडळांना ठरवता येईना, ते आमच्या स्वयंपाकघरात रविवारी सकाळी ठरवायचं होतं. ‘एवढ्याशा पोरीला हे द्यायचं?’ मी म्हणालो. ‘आणि श्यामची आई?’ ही म्हणाली, ‘ते मी आठव्या वर्षी वाचलं. चार दिवस जेवले नव्हते. दिलं कोणी? आईनंच.’ आता सानेगुरुजींनी तुरुंगात बसून लिहिलेल्या त्या पुस्तकात आई जाते, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या ते आपण मुलांना वाढदिवसाला देत आलो, हे खरंच आहे. ‘मग?’ मी विचारलं. ‘मग काय, आई शेजारी बसली होती ना!’

इतक्या सोप्या मराठीत १२८ वं कलम मला आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्येही कोणी शिकवलं नव्हतं.

पोरीनं ते पुस्तक दिवाणखान्यात वाचलं आणि मी शेजारी बसलो. रात्री तिनं विचारलं, ‘बाबा, त्याचे बाबा घराखाली अडकले होते, तर आई त्यांना तिथं ठेवून गेली?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती झोपेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो. हमीदाराचा हप्ता म्हणतात तो हाच. पोस्टकार्ड काही कोणाच्या उशाशी बसायला येत नाही.

तेव्हा आता तुम्हाला पुस्तकं सांगायची तर मी पाचच सांगतो, आणि पाचांना जामीन राहतो: ‘बनगरवाडी’, ‘स्लॅम डंक’, ‘बुद्ध’, ‘बेअरफूट गेन’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. वाचून झोप उडाली तर माझ्याकडे या, आपण बसू. नाही आवडली तर तसं सांगा. आणि वाचलीच नाहीत तरी माझी तक्रार नाही. सांगितलेल्या पुस्तकाची वसुली करायची नसते, कारण ते कर्ज नसतंच. ती ठेव असते.

ठेवीचा नियम असा, की दहा वर्षं खात्याला कोणी हात लावला नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. २०१४ पासूनची ही पद्धत आहे. लोकांना वाटतं, पैसे बुडाले. बुडत नाहीत. खातेदार किंवा त्याचा वारस कधीही येऊन मागू शकतो, आणि बँकेला ते द्यावे लागतात. मी दहावी झालो तेव्हा आमच्या वडिलांनी ‘स्मृतिचित्रे’ आणून दिलं होतं. ते कधीच विचारायला आले नाहीत. मी ते एकोणीस वर्षांनी उघडलं. वडील तोवर नव्हते. पानापानावर, जिथं जिथं लक्ष्मीबाई टिळकांचा अवतार सांगून हसवतात तिथं तिथं, समासात पेन्सिलीची बारीक रेघ होती. माझे वडील घरात फारसे हसत नसत. ते नेमके कशाला हसत असत, हे मला त्या रात्री, रेघेमागून रेघ, व्याजासकट मिळालं.