दहाची बेरीज

चार-तीन-तीन. तीन-पाच-दोन. चार-चार-दोन. फुटबॉलच्या कोणत्याही फॉर्मेशनची बेरीज दहाच येते. अकरावा गोलकीपर. त्याला या हिशेबात धरायची पद्धत नाही.

फॉर्मेशन हे शिट्टी वाजायच्या आधीचं चित्र. शिट्टी वाजली की ते मोडतं. चांगल्या संघाचं पुन्हा जुळतं, वाईट संघाचं मोडलेलंच राहतं. सात-आठ वर्षांच्या मुलांचं तर जुळलेलंच नसतं. गुळाला मुंगळे लागावेत तशी सगळी चेंडूभोवती.

मग कोच ओरडतो, "जागा सोडू नकोस!" मूल थबकतं. चेंडू दोन हातांवरून निघून जातो. मुलानं आज्ञा पाळली, फुटबॉल राहून गेला.

आज्ञा पाळणाऱ्या मुलांचं पुढे काय होतं, ते २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर, इंग्लंड-हंगेरी सामन्यात दिसलं. हंगेरीचा नऊ नंबरचा खेळाडू नांदोर हिदेगकुटी. नऊ नंबर म्हणजे सेंटर-फॉरवर्ड, आणि त्याला धरायचं सेंटर-हाफनं, हे इंग्लंडमधल्या प्रत्येक पोराला पाठ. हिदेगकुटी आघाडीवर थांबलाच नाही, मागे मधल्या फळीत सरकला. सेंटर-हाफ हॅरी जॉन्स्टननं त्याच्या मागे जावं, तर पाठीशी खिंडार. न जावं, तर तो मोकळा. हिदेगकुटीनं तीन गोल केले, हंगेरी ६-३ नं जिंकली. जॉन्स्टन कच्चा खेळाडू नव्हता. त्याला नंबर शिकवला होता, मोकळी जागा ओळखायला कुणी शिकवलं नव्हतं.

मोठ्यांना फॉर्मेशन जिंकण्यासाठी लागतं. मुलांना कशासाठी लागतं? हा प्रश्न बहुतेक देशांना पडत नाही. बेल्जियमला पडला, तोही तोंडावर आपटल्यावर. २००० ची युरोपियन स्पर्धा नेदरलँड्सबरोबर त्यांनी भरवली आणि यजमान असून पहिल्या फेरीतच गाशा गुंडाळला. मिशेल साब्लों हे त्या काळातले बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेचे तांत्रिक संचालक. तोवर तिथं माणसाला माणूस चिकटवून खेळायचं, मागे एक स्वीपर ठेवायचा आणि संधी मिळाली की प्रतिहल्ला करायचा, अशी रीत. साब्लों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, देशातल्या मुलांनी ४-३-३ खेळायचं.

कारण ऐकण्यासारखं आहे. या रचनेत दोन्ही कडांना एकेक विंगर असतो आणि त्याच्यासमोर एकेक फुल-बॅक. मदतीला लगेच कुणी नाही. मुलाला समोरच्याला चकवून जावंच लागतं. मागे चौघांची सरळ फळी, म्हणजे माणसाचा पाठलाग बंद आणि जागेची राखण सुरू. दमदार पोरांना मागे कोंबून एक-शून्यनं जिंकायची सोय यात नाही. या रचनेनं मुलं जास्त सामने जिंकतील म्हणून ती निवडली नाही, मुलांना जास्त अडचणीत टाकेल म्हणून निवडली.

तिथवर पोचायची वाटही आखली. आधी दोन विरुद्ध दोन. मग पाच विरुद्ध पाच: गोलकीपर सोडून चौघं पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात, एक मागे, दोन कडांना, एक पुढे. मग आठ विरुद्ध आठ, दोन चौकट एकमेकांना जोडून. अकरा जण मोठ्या मैदानावर त्यानंतरच. मैदान लहान, माणसं कमी, त्यामुळे चेंडू प्रत्येकाच्या पायाशी येतो, आणि पायाशी आलेल्या चेंडूचं काहीतरी करावंच लागतं. सगळ्यांत धाकट्या गटांचा गुणतक्ताही बंद केला. मला हे सगळ्यांत धाडसाचं वाटतं. तक्ताच नसेल, तर बापानं कुंपणावरून ओरडायचं कशासाठी?

अख्ख्या देशाला एकच फॉर्मेशन, मग लवचिकता कुठे राहिली?

दर रविवारी फॉर्मेशन बदलणारा कोच स्वतः लवचिक असतो. त्याच्या हाताखालची पोरं गोंधळलेली असतात. रचना एकच ठेवावी आणि मुलाला तिच्यात फिरवावं, असं माझं मत. डावीकडचा उजवीकडे, पुढचा मागे. विंगरनं एक मोसम फुल-बॅक खेळावं. आपण ज्याला छळत होतो त्याच्या पोटात काय कालवतं, ते कळेल. परत विंगवर गेल्यावर तो अधिक छळेल, हा भाग वेगळा.

फिरवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते डावपेचांपेक्षा मोठं आहे. बाराव्या वर्षी संघातला सर्वांत उंच मुलगा सेंटर-बॅक होतो, सर्वांत वेगवान विंगवर जातो, दोन्हींत न बसणारा बाकावर. मैदान मडगावचं असो की बेल्जियममधल्या मेखेलेनचं, वाटणी हीच. ती मुलाची नसते, त्याच्या हाडांची असते. दोन वर्षांत हाडं मत बदलतात, कोच बदलत नाही.

बेल्जियममध्ये याचा पुरावाच मिळाला. तिथं वयोगटाचं वर्ष पूर्वी १ ऑगस्टला सुरू व्हायचं, १९९७ मध्ये ते १ जानेवारीला आणलं. संशोधकांनी निवडलेल्या मुलांचे जन्ममहिने तपासले. आधी ऑगस्टनंतरच्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी होती, तारीख बदलल्यावर ती जानेवारीनंतरच्या महिन्यांत जमली. म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या कितीतरी पोरांची गुणवत्ता एका परिपत्रकानं गेली. पुढे उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी तिथल्या संघटनेनं वेगळे राष्ट्रीय संघ काढले. ज्यांची हाडं मागे राहिली, त्यांच्यासाठी थांबायची सोय.

बेल्जियमचा गोलकीपर थिबो कोर्तुआ लहानपणी बिल्झेन गावाच्या संघात लेफ्ट-बॅक होता. सातव्या वर्षी गेंक क्लबच्या अकादमीत आला आणि हळूहळू गोलपोस्टमध्ये गेला. १९९२ पासून सहकाऱ्यानं पायानं मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळे बचावपटूचे पाय गोलकीपरलाही लागतात. तरी लहानपणी लेफ्ट-बॅक खेळल्यानं तो मोठा गोलकीपर झाला, असं मी म्हणणार नाही. सातव्या वर्षी त्याच्या नावावर कुणी कायमचा शिक्का मारला नाही, एवढंच.

गंमत पुढेच आहे. २००७ मध्ये जागतिक क्रमवारीत ७१ वर घसरलेला हा देश २०१५ मध्ये पहिला झाला आणि २०१८ च्या विश्वचषकात उतरला तो तीन बचावपटू घेऊन. प्रशिक्षक रोबेर्तो मार्टिनेझ, फॉर्मेशन ३-४-३. ज्या रचनेवर सगळा खटाटोप झाला, ती मोठ्या संघानं बाजूला ठेवली. खटाटोप वाया गेला का?

जपानविरुद्ध २ जुलैला बेल्जियम ०-२ नं मागे पडून ३-२ नं जिंकला. पुढचा सामना ६ जुलैला, कझानला, ब्राझीलशी. मधल्या तीन दिवसांत मार्टिनेझनं चित्र बदललं. मागे चौघं. लुकाकू, हाडाचा सेंटर-फॉरवर्ड, उजव्या कडेला. अझार डावीकडे. मध्ये डी ब्रॉयने, जो सेंटर-फॉरवर्ड नव्हेच. वेम्बलीचीच युक्ती, नव्या माणसांनी खेळलेली. ३१ व्या मिनिटाला लुकाकू स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन धावला, डी ब्रॉयनेला दिला, आणि गोल. बेल्जियम २-१ नं जिंकला. तीन दिवसांत नवी रचना शिकता येत नाही. जुनी आठवता येते.

सगळं श्रेय साब्लोंच्या आराखड्याला देणं मात्र बरोबर नाही. अझार चौदाव्या वर्षी फ्रान्सला, लिलच्या अकादमीत गेला. बचावपटू व्हर्टोंगन आणि आल्डरवायरल्ड नेदरलँड्सच्या आयाक्समध्ये घडले. (तिथंही ४-३-३च. शेजाऱ्याकडून उसनं आणायचं, तर तेही ओळखीचंच.)

आणि टोमा मुनिए तर कुणाच्याच आराखड्यात नव्हता. स्टँडर्ड लिएजच्या अकादमीनं त्याला पंधरा-सोळा वर्षांचा असताना सोडलं. तो व्हिर्टन या खालच्या श्रेणीतल्या क्लबकडून आघाडीवर खेळायचा, पोटासाठी पोस्टमनचं काम करायचा. ब्रूज क्लबनं उचलल्यावर तो राइट-बॅक झाला. ब्राझीलच्या सामन्यात पिवळं कार्ड मिळाल्यानं फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्याला मुकला. त्या दिवशी उजवी कड डाव्या बाजूचा नासेर शाडली सांभाळत होता. फ्रान्सनं तो सामना १-० नं घेतला.

तिसऱ्या क्रमांकासाठी इंग्लंडशी गाठ पडली तेव्हा मुनिए परत आला होता आणि शाडली आपल्या डाव्या कडेला. चौथ्याच मिनिटाला शाडलीनं डावीकडून चेंडू आत ढकलला. इंग्लंडच्या गोलसमोर तो जाळ्यात घालणारा माणूस मुनिए होता, बेल्जियमचा राइट विंग-बॅक.